मूस यांच्या टेबलावरचे जग

किंमत कशी ठरवायची हे जळगावच्या माणसाला शिकवायला नको. सोन्याच्या गावात वाढलेले पोरही कस, वजन आणि घट हे शब्द पाढ्यांबरोबर शिकते. दागिना तारणाला आला की त्याचे दोन हिशेब होतात. एक सोन्याचा, दुसरा घडणावळीचा. बँकेत आम्ही पहिलाच धरायचो. खडे वजा, मीना वजा, लाख वजा. कारागिराने त्या नक्षीवर डोळे फोडले असतील, तर तेही वजा. उद्या हा दागिना आटवला तर हाती काय येईल, एवढाच आमचा प्रश्न. त्यात गैर काही नव्हते, कारण पैसा ठेवीदारांचा असतो. पण सगळीकडे हाच हिशेब लावू लागलो तर काही माणसांच्या नावापुढे शून्य मांडावे लागेल. चाळीसगावचे केकी मूस हे त्यातले पहिले. त्यांच्या कलेत सोने जवळजवळ नव्हतेच. होती ती सगळी घडणावळ.

मूस यांच्याकडे वळण्याआधी त्यांच्या तरुणपणातल्या कॅमेऱ्यांविषयी थोडे सांगायला हवे. किमतीचा हा घोळ तिथूनच सुरू होतो.

१९८०च्या दशकात मी धुळ्याला नोकरीत होतो. तिथल्या जुन्या फोटो स्टुडिओंत काचेच्या कपाटात एखादा तरी जर्मन घडीचा कॅमेरा ठेवलेला दिसे. तेव्हा तो वापरात नसे. घरातल्या निवृत्त आजोबांसारखा नुसता मानाने बसलेला असे. काळ्या चामड्याने मढवलेली, जाडजूड पोथीएवढी चपटी पेटी. समोरचे झाकण खाली पाडले की त्याचाच रूळ होई आणि त्या रुळावरून भाता उलगडत भिंग पुढे ओढायचे. मागे दुधी काच. डोक्यावर काळे फडके घेऊन त्या काचेत पाहायचे, तर समोरचा माणूस पाय वर आणि डोके खाली असा उलटा. दृश्य नीट जुळले की काच बाजूला करून तिथे प्लेटचा डबा सरकवायचा. डब्यात एकच प्लेट, बहुधा ९ बाय १२ सेंटिमीटरची. एका वेळी एकच चित्र. ते फसले तर प्लेट गेली आणि प्लेटचे पैसेही गेले. त्यामुळे त्या काळचा छायाचित्रकार कळ दाबण्याआधी पुष्कळ विचार करी. आजच्या फोनवाल्यांना हे सांगून पटायचे नाही.

ड्रेस्डेन, श्टुटगार्ट, ब्राउनश्वाइग ही या कॅमेऱ्यांची माहेरे. इका, एर्नेमान, गोएर्झ आणि कोन्टेसा-नेटेल या कंपन्या १९२६ मध्ये एकत्र आल्या आणि झाइस आयकॉन झाली. फोक्टलेंडरने आपली चूल वेगळी ठेवली. हे कॅमेरे मोठ्या संख्येने बनले आणि जगभर गेले. म्हणूनच नुसत्या वयाकडे पाहून किंमत लावणारा फसतो. आजोबांच्या पेटीत निघालेला नव्वद वर्षांचा कॅमेरा म्हणजे घबाड, अशा समजुतीने कित्येक जण दुकानोदुकानी फिरतात आणि हिरमुसून परत येतात.

जाणकार माणूस आधी भाता पाहतो. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत छोटा दिवा धरायचा. घड्यांच्या कोपऱ्यांतून चांदण्या चमकल्या की समजावे, भोके पडली. मग शटर. म्युनिकच्या डेकेल कारखान्याचे कॉम्पूर असेल तर एक सेकंदाचा वेग लावायचा आणि कान द्यायचा. आतले तेल घट्ट झाले असेल तर शटर मध्येच रेंगाळते. वर छोटी तबकडी असलेले कॉम्पूर जुने, भिंगाभोवतीचे कडे फिरवून चालणारे नंतरचे; १९२०चे दशक संपता संपता हा बदल झाला. भिंगावर क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून भिंगाचे साल काढता येते. भिंगात बुरशीचे जाळे आहे का, दुधी काच शाबूत आहे का, हेही पाहायचे. आणि प्लेटचे डबे सोबत आहेत का? एका कंपनीचा डबा दुसरीच्या खाचेत बसेलच असे नाही, आणि डब्यांशिवाय असा कॅमेरा म्हणजे चावी हरवलेली तिजोरी. खरा भाव मिळतो तो मोजक्या तऱ्हांना. फोक्टलेंडरच्या बेर्गहाइल कॅमेऱ्याची हिरव्या चामड्यातली आवृत्ती त्यातली एक. दुसरे उष्ण प्रदेशांसाठी सागवान आणि पितळ वापरून केलेले कॅमेरे, कारण दमट हवेत चामडे आणि सरस यांचा भरवसा नसतो.

ही सगळी तपासणी मला मनापासून आवडते. सराफाच्या कसोटीची ती सख्खी बहीण. पण दोघींच्याही वहीत एक रकाना नाही. या वस्तूने कोणी काय निर्माण केले, हे कुठे लिहायचे?

कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत, मलबार हिलवर, पारशी कुटुंबात झाला. व्यवसायाच्या निमित्ताने हे कुटुंब चाळीसगावी येऊन राहिले. मलबार हिल सोडून कोणी चाळीसगावला का येईल, असा प्रश्न आज पडेल. पण ते गाव मुंबईहून निघणाऱ्या मुख्य लोहमार्गावर आहे आणि १९०० साली धुळ्याचा फाटाही तिथे येऊन मिळाला. खानदेश म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे रेल्वे. अशा जंक्शनच्या गावी स्टेशनच्या आसपास पारशी दुकानदार असणे ही त्या काळी नेहमीची गोष्ट होती.

मुलाचे शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात झाले. घरच्या धंद्यापेक्षा ओढा चित्रकलेकडे. पुढे १९३०च्या दशकात ते इंग्लंडला गेले, शेफिल्डच्या बेनेट कॉलेजची व्यावसायिक कलेची पदविका त्यांनी मिळवली आणि त्या शिक्षणातच छायाचित्रणाशी त्यांची गाठ पडली. पुढे लंडनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे सदस्यत्वही मिळाले. परतण्यापूर्वी त्यांनी इतर देशांचा प्रवास केला, तिथली कला पाहिली.

तो काळ छायाचित्रणातल्या उलथापालथीचा होता. १९२५ मध्ये लायका आला, १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स. खिशात मावणारा कॅमेरा आणि त्यात एकामागून एक छत्तीस चित्रे. छायाचित्रकार रस्त्यावर उतरला आणि पळत्या क्षणाच्या मागे लागला. भात्याचे कॅमेरे बघता बघता म्हातारे ठरले. मूस यांचे मन मात्र या वाऱ्यावर डोलले नाही. जग हिंडून आलेल्या या तरुणाला जगाच्या मागे धावण्यात रस नव्हता. त्यांनी जगालाच आपल्या टेबलावर बोलावले.

या प्रकाराला टेबल-टॉप छायाचित्रण म्हणतात. ऐकायला सोपे वाटते. टेबलावर चार वस्तू मांडायच्या आणि फोटो काढायचा. प्रत्यक्षात ती फार कठीण विद्या आहे. बर्फाळ रानातली रात्र दाखवायची आहे असे समजा. बर्फासाठी मीठ किंवा पीठ, ढगांसाठी कापूस, पाण्यासाठी आरशाचा तुकडा, झाडांसाठी वाळक्या काटक्या. मिठाचा दाणा जरा जाड निघाला की बर्फाचे सोंग उघडे पडते. दिवा एकच, पण तो चंद्र वाटला पाहिजे. त्याची सावली दोन बाजूंना फाकली की चंद्राचा पुन्हा दिवा होतो.

याहून मोठी अडचण भिंगाची. वस्तू जितकी जवळ, तितकी स्पष्टतेची पट्टी अरुंद. पुढची काटकी रेखीव आणि मागची धूसर दिसली, की पाहणाऱ्याला लगेच कळते, हे रान हातभर लांबीचे आहे. म्हणून भिंगाचे छिद्र अगदी बारीक करावे लागते, आणि छिद्र बारीक केले की प्रकाश कमी, मग शटर बराच वेळ उघडे. त्यात भाता लांब ओढलेला असला की प्रकाश आणखी घटतो. वस्तू आहे तेवढीच प्लेटवर उतरवायची तर भाता भिंगाच्या केंद्रांतराच्या दुप्पट ताणावा लागतो आणि प्रकाश चौपट वेळ द्यावा लागतो. तेवढ्या वेळात शेजारून मालगाडी गेली आणि टेबल थरथरले तर सारी मेहनत फुकट. जर्मन प्लेट कॅमेऱ्याचा दुहेरी भाता आणि मागची दुधी काच अशा कामासाठी किती सोयीची होती, हे इथे ध्यानात येते. बाजारात म्हातारे ठरलेले यंत्र या एका विद्येत अजून तरुण होते.

आता हिशेब मांडा. मीठ, कापूस, काटक्या, काचेचा तुकडा. कच्चा माल काही आण्यांचा. मूस यांनी अशा क्षुल्लक वस्तूंतून डोंगर, वादळे आणि ओसाड वस्त्या उभ्या केल्या आणि ती चित्रे देशोदेशींच्या प्रदर्शनांत गेली. त्यांना मिळालेल्या बक्षिसांचा आकडा तीनशेच्या घरात सांगितला जातो. त्या काळी छायाचित्रांची आंतरराष्ट्रीय प्रदर्शने टपालावर चालत. छपाई नीट बांधून पाठवायची, महिन्यांनी ती मागे लेबले चिकटून परत यायची. चाळीसगावच्या टपालातून गेलेली पाकिटे साता समुद्रापलीकडे पोचली, आणि ज्याने ती पाठवली तो मात्र घराच्या फाटकापलीकडे जात नव्हता.

मूस यांच्याविषयी कोणालाही विचारा, ही एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. १९३८ मध्ये सव्वीसाव्या वर्षी ते चाळीसगावला परतले आणि पुढची पन्नास वर्षे घरातच राहिले. या काळात ते दोनदाच बाहेर पडले असे सांगतात. एकदा १९५७ मध्ये, आईच्या अंत्यविधीसाठी औरंगाबादला. दुसऱ्यांदा १९७० मध्ये, विनोबा भावे यांचे छायाचित्र काढायला, तेही चाळीसगाव स्टेशनपर्यंतच. विनोबांना घरी येणे शक्य नव्हते, म्हणून कॅमेरा त्यांच्याकडे गेला. देशभर पायी हिंडलेला एक माणूस आणि उंबरा न ओलांडणारा दुसरा, फलाटावर समोरासमोर. कादंबरीत मी असा प्रसंग घालायला धजलो नसतो. संपादकाने खोडला असता.

याच्या जोडीला पंजाब मेलची कथा आहे. मुंबईत एक तरुणी होती, ती रात्रीच्या पंजाब मेलने येईन असे म्हणाली होती, आणि मूस रोज रात्री ती गाडी जाईपर्यंत दार उघडे ठेवून, दोघांचे जेवण मांडून वाट पाहत. ती आली नाही. ही कथा खानदेशात घरोघरी ठाऊक आहे. धुळे पॅसेंजरने चाळीसगावला गाडी बदलायला उतरलो की डब्यातले कोणी ना कोणी नवख्या प्रवाशाला ती ऐकवी. प्रत्येकाच्या तोंडी तपशील थोडा वेगळा. कोणी ताटात फुले घाली, कोणी मेणबत्ती लावी. योगायोग असा की पंजाब मेल ही गाडी १९१२ सालीच सुरू झाली. ती आणि मूस एकाच वयाचे.

कथेवर माझा राग नाही. गोष्टी सांगूनच माझे पोट नसले तरी मन भरते. पण या कथेने मूस यांच्यावर एक अन्याय केला आहे, आणि तो बोलून दाखवायला हवा. ती इतकी गोड आहे की तिच्यापुढे चित्रे कोणी पाहतच नाही. पन्नास वर्षांचे काम एका न आलेल्या मुलीच्या खात्यावर जमा झाले. प्रेमभंगाने माणूस घरात कोंडून घेऊ शकतो, हे खरे. पण प्रेमभंगाने काटकीची सावली बरोबर पडत नाही. त्यासाठी रात्र रात्र दिवा हलवावा लागतो. पन्नास वर्षे एका घरात राहणे कसे जमले असेल, याचे माझे उत्तर साधे आहे. त्या घरात काम होते, आणि ते संपत नव्हते.

काम तरी किती तऱ्हेचे! छायाचित्रे तर होतीच, पण मूस चित्रे रंगवत, मूर्ती घडवत, लाकडात कोरीव काम करत, कागदाच्या घड्यांची ओरिगामी करत. संगीताचा शौक होता. घरी येणाऱ्यांची व्यक्तिचित्रे टिपत. घराला त्यांनी नाव दिले होते रेम्ब्राँट्स रिट्रीट. सतराव्या शतकातल्या त्या डच चित्रकाराचे नाव त्यांनी हौसेने घेतलेले नाही. चेहऱ्याची एक बाजू उजळलेली आणि अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण, या प्रकाशयोजनेला छायाचित्रकार आजही रेम्ब्राँटच्याच नावाने ओळखतात. अंधार जास्त आणि उजेड मोजका, पण तो नेमका जिथे हवा तिथे. मूस यांचा सगळा धडा यात येतो.

शिवाय ते संग्राहक होते. जुने फर्निचर, भांडीकुंडी, शिल्पे, कलावस्तू यांनी घर भरलेले. आपल्या खानदेशाला संग्राहकांचे वेड जुनेच आहे. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर खेड्यापाड्यांतून दफ्तरे गोळा करत हिंडले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले आणि धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात उभे आहे. मूस वारले तेही ३१ डिसेंबरलाच, १९८९ साली, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी. एकाने कागद गोळा केले ते पायाला भिंगरी लावून, दुसऱ्याने वस्तू जमवल्या त्या घरी बसून. स्वभाव दोन टोकांचे, पण ध्यास एकाच जातीचा.

राजवाड्यांच्या कागदांचे मोल त्यांच्या हयातीतच विद्वानांना कळले होते. मूस यांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. त्यांच्या मागे घर आणि संग्रह कलामहर्षी केकी मूस यांच्या नावाच्या प्रतिष्ठानने सांभाळला आणि तो लोकांना पाहता येतो. हे काम सोपे नाही. जुन्या छायाचित्राचा शत्रू चोर नसतो, हवा असते. चित्र कागदावर धरून ठेवतो तो सरसाचा पातळ थर. वैशाखात खानदेश पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतो तेव्हा तो थर वाळून आक्रसतो, आणि श्रावणात ओल पिऊन फुगतो. त्यातली चांदी काळाबरोबर पिवळी पडते, कडेने आरशासारखी चकाकू लागते. छपाईच्या वेळी रसायन नीट धुतले गेले नसेल तर डाग आतूनच उमटतात. बुरशी आणि कसर आहेतच. यावर उपाय आहेत: आम्ल नसलेल्या कागदाची वेष्टने, स्थिर तापमानाची कोरडी खोली, प्रत्येक निगेटिव्हची नोंद आणि तिची संगणकावर उतरवलेली प्रत. सगळ्यांना पैसा लागतो, आणि पैसा मागायला गेले की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, याची किंमत किती?

इथे मला पुन्हा तो जर्मन कॅमेरा आठवतो. बेर्गहाइलची हिरवी आवृत्ती हरवली तर पैसे मोजून दुसरी मिळेल. आज ना उद्या कुठल्या तरी लिलावात ती येतेच. मूस यांनी त्या काटक्या आणि ते मीठ मांडले, चित्र घेतले आणि टेबल पुसून टाकले. ते रान दुसरे कुठे नाही. निगेटिव्ह गेली की डोंगर, चंद्र आणि ती रात्र सगळे एकदम गेले. विमा उतरवणाऱ्याला मी सांगेन की यंत्राच्या रकान्यात बाजारभाव लिहा, निगेटिव्हच्या रकान्यात आकडा लिहू नका, तिथे राखणदाराचा पगार लिहा.

चाळीसगाव मुंबईहून रेल्वेने सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. पाटणादेवीला किंवा पितळखोऱ्याच्या लेण्यांना जाणारी मंडळी इथेच उतरतात. मुलेबाळे बरोबर असतील तर मूस यांच्या घरी अर्धा दिवस काढावा. आत गेल्यावर पंजाब मेलची गोष्ट कोणी तरी सांगेलच, ती थोडी पुढे ढकला. आधी टेबल-टॉपच्या चित्रांसमोर मुलांना उभे करा आणि विचारा, हा फोटो कुठे काढला असेल. ती युरोपातल्या एखाद्या देशाचे नाव घेतील. मग त्यांना बर्फ जवळून पाहायला सांगा.